ओसरी पाडून नवं पोर्च करायचंय, काळ्या मातीत फरशी दरवर्षी फुटते, काय करावं?

सेलूकडचा
रामराम मंडळी. घर परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या गावात आहे, विटा-सिमेंटचं, वर स्लॅब, वडिलांनी १९९९ ला बांधलेलं. समोर १८ बाय १० ची ओसरी आहे ती मात्र नंतर २००६ ला जोडली, तीन लोखंडी पाईप उभे करून वर साधे पत्रे आणि खाली शहाबादी. आता तिची अवस्था अशी झालीय की फरशी मधून वर आलीय आणि कडेनं खाली गेलीय, खुर्ची ठेवली की डुगडुगते. घराच्या भिंतीला ओसरी जिथं टेकते तिथं बोट जाईल एवढी भेग पडते उन्हाळ्यात, पावसाळ्यात ती मिटते, पुन्हा दिवाळीनंतर उघडायला लागते. दर दोन वर्षाला गवंडी बोलवून सिमेंट भरतो आणि पुन्हा तेच. पत्र्याच्या आणि भिंतीच्या जोडातून पाणी उतरतं त्यानं आतल्या खोलीचा गिलावा फुगलाय.

आता गुत्तेदार म्हणतो सगळं पाडू, भिंतीला छिद्रं मारून गज बसवू, नवा स्लॅब जुन्या घराला बांधून घेऊ म्हणजे भेगच पडणार नाही, आणि खाली चकचकीत मोठ्या टाईल्स. ऐकायला बरं वाटलं पण मन घेईना म्हणून इथं विचारतोय.

ओसरी पश्चिमेला तोंड करून आहे. वडील ७४ वर्षाचे, काठी घेऊन चालतात, सकाळपासून तिथंच बसतात, येणारा जाणारा तिथंच भेटतो त्यांना. आई तिथंच तूर निवडते, पापड कुरडया वाळवते, आणि सुगीत सोयाबीनचे तीस-चाळीस कट्टे पंधरा दिवस तिथंच थप्पी लावून असतात. बजेट अडीच लाखापर्यंत. ओसरीपासून आठ फुटावर मोठा लिंब (कडुलिंब) आहे तो पण सांगून ठेवतो. पाडवा झाला की काम चालू करायचं आणि मृगाच्या आत संपवायचं असा विचार आहे. स्लॅब करावा का पत्रे, टाईल्स का शहाबादी, आणि ही भेग कायमची कशी जाईल हे सांगा.

औशाचा ओव्हरसियर
भाऊ, तुमची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते हे तुम्ही लिहिलंत ना, त्यातच उत्तर आहे. ही सिमेंटची चूक नाही, खालच्या मातीचं काम आहे. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, रानात एप्रिल-मे मधी हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते तुम्ही पाहिलंच असेल, तेच तुमच्या ओसरीखाली चाललंय. फरशीच्या मधल्या भागाखालचा ओलावा वर झाकण असल्यानं उडत नाही म्हणून मध्य फुगलेलाच राहतो, कडेची माती उन्हानं वाळून बसते. म्हणून मध्ये टेंगूळ आणि कडेला खड्डा.

आता घर का नाही हललं आणि ओसरीच का हलली? घर जड आहे आणि त्याचा पाया खोल गेलेला असणार. ओसरी हलकी. हलक्या वस्तूला माती सहज उचलते. त्यामुळं गुत्तेदार जे म्हणतोय की भिंतीला छिद्रं मारून गज बसवून दोन्ही एक करू, ते हात जोडून सांगतो, करू नका. दोघांचा पाया वेगळा, दोघांची हालचाल वेगळी, तुम्ही त्यांना बांधलंत तर भेग जाणार नाही, जोडावरची भेग उठून घराच्या भिंतीत जाईल. आज ती जिथं आहे तिथं निरुपद्रवी आहे, उद्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघेल.

उपाय असा. ओसरी तिच्या स्वतःच्या पायावर उभी करा आणि घरापासून अर्धा-पाऊण इंच मोकळी ठेवा, त्या फटीत थर्माकोलची पट्टी आणि वरून सीलंट. भेग घालवायची नाही, भेगेला आपण ठरवलेल्या ठिकाणी जागा द्यायची.

त्याआधी एक काम करा, एक रुपयाचं सामान आणण्याच्या आधी. ओसरीच्या कडेला एक खड्डा घ्या, माणूस उतरेल एवढा, मुरूम लागेपर्यंत. किती फुटावर लागतो ते इथं लिहा. आपल्याकडं कुठं चार फुटावर लागतो, नदीकाठच्या गावात दहा फूट गेलं तरी काळंच. पाच-सहा फुटावर लागला तर खांबांचे खड्डे तिथवर न्यायचे आणि फूटिंग, म्हणजे खांबाखालचं काँक्रीटचं बूड, मुरमावर बसवायचं. फारच खोल असेल तर खाली फुगवटा असलेले पाईल करतात, अंडररीम म्हणतात त्याला, साधारण साडेतीन मीटर खोल, कारण त्याच्या खाली पावसाळा-उन्हाळ्याचा फरक फारसा पोचत नाही. पण एका ओसरीसाठी ती वेळ येऊ नये.

मी औशाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला वर्षभर काम केलंय. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरच्या माळवदाची दोन-दोन फूट माती, त्या वजनानं माणसं गेली. तेव्हापासून डोक्यावर विनाकारण वजन घालायला माझं मन धजत नाही. ओसरीला स्लॅब लागतोच असं नाही. करायचाच असेल तर चार स्वतंत्र खांबांवर करा, घराच्या भिंतीतून पुढं काढलेला लोंबता छज्जा तर अजिबात नको. लोंबत्या स्लॅबात मुख्य गज वरच्या बाजूला लागतात, काँक्रीट टाकताना बिगारी त्यावरून चालून ते खाली दाबतात आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. सेंट्रिंग, म्हणजे खालच्या फळ्या-टेकू, काढलं की मग कळतं.

जालन्याचा फॅब्रिकेटर
ओव्हरसियर काकांनी पायाचं सांगितलं, मी वरचं सांगतो, रोजचं काम हाय आपलं. अडीच लाखात पाया, फरशी धरून नीट काम करायचं तर पत्र्याचंच करा, स्लॅबच्या नादात खाली पैसे कमी पडतील.

सगळ्यात आधी वारा. वळवाच्या पावसाआधी जे वादळ सुटतं त्यात पत्रे उडतात ते वरून येणाऱ्या वाऱ्यानं नाही, तुमची ओसरी तीन बाजूंनी उघडी आहे, वारा खाली घुसतो आणि खालून वर ढकलतो. म्हणजे पत्र्याला खाली पडण्यापासून नाही तर वर जाण्यापासून धरायचंय. स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारायचा, रबरी वॉशरसकट, कडेच्या पट्टीवर जास्त मारायचे कारण ओढ तिथंच जास्त. आडव्या पाईपातलं अंतर साडेतीन-चार फुटाच्या पुढं नको. आणि खांब खाली फूटिंगात अँकर बोल्टनं धरलेला पाहिजे, निस्ता फरशीवर प्लेट ठेवून चार खिळे मारलेला नको, तसली कामं लई बघितली.

दुसरं, खांब बुडातून सडतो. आई-ताई रोज ओसरी धुतात, पाणी पाईपाच्या बुडाला थांबतं, पाच-सहा वर्षात पाईप खालून कागदासारखा होतो आणि वरून रंग मात्र चांगला. म्हणून फरशीच्या वर सहा इंचाचा काँक्रीटचा ओटा काढून त्यावर प्लेट बसवा. पाईपाचं तोंड वरून बंद करा नाहीतर आतून पाणी जातं. जाडी विचारून घ्या. आमच्या धंद्यात भाव किलोवर असतो त्यामुळं कुणी कमी बोललं तर भाव कमी केलाय का जाडी, हे ज्याचं त्यानं बघायचं. खांब दोन मिलीमीटरच्या खाली नको.

उतार दहा-बारा फुटाला एक फूट तरी द्या. भिंतीकडं साडेनऊ, पुढं साडेआठ. आणि जोडातून गळतं म्हणालात त्याला पत्रा भिंतीत घुसवायचा नाही, भिंतीत कटरनं झिरी मारायची, त्यात वाकवलेली पट्टी बसवून सीलंट भरायचं, ती पट्टी पत्र्यावर सहा इंच नुसती झाकून राहील, पत्र्याला स्क्रू मारायचा नाही. मग काका म्हणतात तसं ओसरी हलली तरी पट्टी वरून सरकते, फाटत नाही.

नांदेडची सुमनमावशी
सगळ्यांनी खांब आन पत्रे सांगितले, बसणाऱ्या माणसाचं मी सांगते. चकचकीत टाईल्स बिलकुल लावू नका. आमच्याकडं पाच वर्षामागं सगळे म्हणले म्हणून लावल्या, दिसायला आरशासारख्या, आन पहिल्याच पावसाळ्यात आमचे हे दारातून पाय पुसायच्या आधी घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालतात आता, पण पहिल्यासारखं नाही. त्या टाईल्सवर नंतर मी गोणपाट अंथरून ठेवले ते अजून आहेत. तुमचे वडील काठीवर आहेत, ओल्या फरशीवर काठीचं रबर पण सरकतं.

शहाबादी लावा, पॉलिश न केलेली. आपल्याला ती जवळ पडते, कलबुर्गीकडून येते, आन आपल्या माणसाच्या पायाला ती सवयीची आहे. काळी कडप्पा पश्चिमेच्या उन्हात लावू नका, दुपारी पाय टेकवत नाही. शहाबादीवर कुरडया पण चांगल्या वाळतात, खाली धोतर अंथरलं की झालं.

पायऱ्या. सहा इंचाच्या वर उंची नको आन पाय पूर्ण टेकेल एवढी रुंदी, फूटभर. एका बाजूला धरायला पाईप लावा, आत्ताच लावा, नंतर लावू म्हणलं की राहतं. उतार करणार असाल तर फुटाला इंच असा धरा, दीड फूट जोतं असलं तर अठरा फूट लांब उतार होतो, एवढी जागा नसली तर वळवून घ्या, पण तीव्र करू नका, तीव्र उतार पायरीपेक्षा वाईट.

आन पश्चिमेचं ऊन. चार वाजल्यानंतर ऊन पत्र्याच्या खालून आत येतं, वर कितीबी भारी पत्रा घाला त्याचा उपयोग नाही. त्याला उभा आडोसाच लागतो. बांबूचे चिक लावा, दोरीनं गुंडाळता येतात, संध्याकाळी वर केले की वारा खेळतो. एका बाजूला जाळीच्या विटा लावल्या तर अजून चांगलं. पत्र्याच्या खाली थेट बसू नका, मधी बांबूची चटई नाहीतर पीव्हीसीचं छत घ्या, आन भिंतीकडच्या वरच्या बाजूनं गरम हवा जायला मोकळं ठेवा.

एक विचारते, आईला विचारलं का त्यांना काय पाहिजे? लिहिलंत सगळं वडलांचं. तूर निवडायला खाली बसायचं तर पाठ टेकायला भिंतीची बाजू मोकळी ठेवा, आन हात धुवायला एक नळ.

अंबाजोगाईहून
माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्या जुन्या वाड्याची ओसरी सागवानी खांबांची होती, २०१४ ला आम्ही माळवद उतरवलं, वाळवी लागलेल्या तुळया काढल्या पण सहापैकी चार खांब चांगले निघाले ते तसेच ठेवून वर हलकं छप्पर केलं. खांबाच्या खाली दगडी तळखडे होते, लाकूड जमिनीला लागतच नव्हतं, म्हणून शंभर वर्षं टिकलं असावं. आत्ता फॅब्रिकेटर दादा सहा इंचाचा काँक्रीटचा ओटा म्हणतात तो हाच तळखडा की. तुमच्याकडं लाकूड नाही हे कळलं, पण जुनी शहाबादी आहे ना? ती फोडू नका. पहारीनं अलगद उचलून बाजूला रचा, निम्मी तरी चांगली निघेल, पैसे वाचतील. आणि पायऱ्या रस्त्याच्या नालीवर येऊ देऊ नका, ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या, नंतर नालीचं काम निघालं की पहिली पायरी तीच तोडतात.

सेलूकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, खरं बोललात, आईला विचारलंच नव्हतं. विचारलं तर ती म्हणाली नळ पाहिजे आणि एक टांगायचा मजबूत हूक, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा. मग थोड्या वेळानं म्हणाली की ओसरीला दार नको, जाळीचं गेट पण नको, लोक यायचे बंद होतात.

खड्डा घेतला. साडेपाच फुटावर मुरूम लागला, चांगला कडक, टिकाव उडतो. पण तीन फुटावर माती ओली निघाली, फेब्रुवारीत! शोधलं तर मोरीच्या पाण्याचा जुना पाईप मध्येच फुटलेला, इतके वर्ष ते पाणी ओसरीखाली मुरत होतं. काका, एक विचारायचं होतं, गुत्तेदार म्हणतो लिंब तोडा, मुळ्या पाया फोडतात. वडील म्हणतात मी गेल्यावर तोडा.

औशाचा ओव्हरसियर
लिंब तोडू नका. वडिलांच्या भावनेसाठी म्हणत नाही, मातीसाठी म्हणतोय. मोठं झाड इतके वर्ष त्या मातीतलं पाणी ओढत आलंय, ते एकदम काढलं की ते ओढणं थांबतं आणि माती पुढची काही वर्षं फुगत राहते. तुमचं फूटिंग साडेपाच-सहा फुटावर मुरमात बसणार आहे, लिंबाला राहू द्या. पाईप मात्र आधी बदला, फूटिंगच्या आधी, आणि सांडपाणी घरापासून दहा-बारा फूट लांब सोडा.

फरशीखाली आता. काळी माती दोन फूट तरी काढून टाका आणि ती पुन्हा भरू देऊ नका. गुत्तेदाराला उचलून टाकायचा खर्च नको असतो म्हणून खोदलेली तीच माती आणि विटांचे तुकडे टाकून वरून पाणी मारतात, समोर उभं राहा त्या दिवशी. त्या जागी मुरूम भरा. १८ बाय १० बाय २ म्हणजे ३६० घनफूट, शंभर घनफुटाचा एक ब्रास म्हणजे साडेतीन ब्रासच्या वर, धुम्मसनं ठोकल्यावर मुरूम बसतो म्हणून साडेचार ब्रास मागवा. सहा-सहा इंचाचा थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदम दोन फूट टाकून वरून ठोकलं तर खालचं पोकळच राहतं. खांबांना जोडणारा बीम काळ्या मातीवर टेकवू नका, खाली दोन-तीन इंच मोकळं ठेवा, माती फुगली तर तिला जागा पाहिजे. ठोकलेल्या मुरमावर खडीचं सोलिंग, चार इंच काँक्रीट, मग शहाबादी. बाहेरच्या बाजूला दहा फुटात दोन इंच ढाळ. आणि ओसरीच्या भोवती तीन फुटाची पक्की पट्टी करा, म्हणजे पागोळ्याचं पाणी कडेलाच मुरणार नाही.

काँक्रीटला पाणी दहा दिवस. एप्रिलच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ मारून भागत नाही, गोणपाट झाकून ओलं ठेवा.

सेलूकडचा
काम झालं, उशिरा का होईना. जून उजाडला. सगळं सांगत नाही, जे शिकलो ते सांगतो.

गुत्तेदार बदलला. पहिल्याला जोड मोकळा ठेवायचं पटलंच नाही, म्हणाला लोक मला नावं ठेवतील की याच्या कामात फट राहिली. दुसरा तरुण पोरगा मिळाला, कामाचं गुत्तं कमी भावात घेतलं नाही पण विचारलेलं ऐकून घेतलं. चार खांब, फूटिंग सगळे मुरमात. मुरमाच्या दिवशी मी रानातलं काम सोडून उभा राहिलो, तरी जेवायला गेलो तेवढ्यात एक थर फूटभराचा टाकला, तो पुन्हा उकरायला लावला, थोडी बोलाचाली झाली. जुनी शहाबादी साठ टक्के निघाली, ती भिंतीकडं लावली आणि नवी पुढं, रंगात फरक दिसतो पण आम्हाला चालतो.

पाण्यावरून एक डोक्यात आलं. पत्रा पुढं-बाजूला धरून २० बाय १२ झालाय, म्हणजे २२ चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस पडला तर एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे २२ लिटर. वर्षाला ७०० मिलीमीटर धरला तरी पंधरा हजार लिटर होतात, गळती-सांडणं सोडून बारा हजार तरी. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं, आमच्याकडं पण त्या उन्हाळ्यात टँकरच होता, आणि इथं हे पाणी आपण पायाशी सोडून वर पाया खराब करून घेत होतो. म्हणून पन्हाळ लावून हजार लिटरच्या टाकीत घेतलंय, टाकी भरली की जास्तीचं पाणी पाईपनं विहिरीकडं. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेत नाही, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण असते, त्याला खाली वेगळा कॉक ठेवलाय.

परवा रात्री मोठा पाऊस झाला, वारा पण सुटला होता. मी बॅटरी घेऊन दोनदा उठून जोडापाशी पाहिलं. भिंत कोरडी. सकाळी वडील नेहमीच्या जागी बसलेले, आईनं हूकला शिंकं टांगलंय, आणि नळाखाली पोरं पाय धूत होती.

मावशी, एकच राहिलं. बांबूचे चिक इकडं सेलू-परभणीत नीट मिळेनात, जे मिळतात ते वर्षात उसवतात. नांदेडला कुठल्या पेठेत मिळतात, आणि पावसाळ्यात ते काढून ठेवता का तसेच गुंडाळून राहू देता?

नांदेडची सुमनमावशी
वाचून बरं वाटलं रे बाबा. इकडं बुरूड लोकांकडून माप देऊन करून घेते मी, तयार घेत नाही. तुमच्या गावाकडच्या बाजारात बुरूड बसत असतील तर त्यांनाच विचारा, सुताची दोरी नको, नायलॉनची घाला म्हणावं. पावसाळ्यात काढून आडोशाला उभे ठेवायचे, गुंडाळून वर ठेवले की आत ओल धरून बुरशी येते. काढायच्या आधी एक दिवस उन्हात नीट वाळू द्या.